गावासाठी हवामान सल्ला सेवा: गोव्यात सुरुवात कुठून करावी आणि ती वाढवावी कशी

२५ मे २०२५ रोजी मोसमी पाऊस गोव्यात पोचला. एरवी तो जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. बातमी सगळ्यांना कळली. वर्तमानपत्रांत आली, टीव्हीवर आली, व्हॉट्सअ‍ॅपवर तर एकच बातमी दहादा फिरली. पण ज्याच्या पोफळींवर बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणाची पहिली फवारणी अजून व्हायची होती, त्याने त्या दिवशी काय करायचे? खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतीच्या, बांधाची डागडुजी अर्धवट होती, तिथे आधी कुठला भाग धरायचा? पाऊस आलाच आहे म्हणून बी टाकायचे, की तो मध्येच दडी मारेल म्हणून थांबायचे? या प्रश्नांची उत्तरे बातमीत नव्हती आणि असायचीही नाहीत. हवामानाची माहिती आणि शेतातला निर्णय यांच्यामध्ये जी मोकळी जागा आहे, ती भरून काढणे हे हवामान सल्ला सेवेचे काम.

हा लेख हे काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी आहे: कृषी पदवी घेऊन गावात परतलेली मुले-मुली, पंचायतीचे सदस्य, स्वयंसाहाय्य गटांच्या भगिनी, शेतकरी क्लबचे कार्यकर्ते. हवामानशास्त्र शिकलेले असण्याची गरज नाही. अंदाज वर्तवायला तज्ज्ञ बसलेले आहेत. तो अंदाज आपल्या गावच्या मातीत उतरवणारी माणसे कमी आहेत.

पहिली पायरी: अंदाज बाजूला ठेवा, निर्णय गोळा करा

नवखी मंडळी बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी ग्रुप काढतात, मग त्यात काय टाकायचे याचा विचार करतात. तुम्ही एक वही घ्या आणि गावातल्या दहा-बारा घरी जाऊन बसा. विचारायचे एवढेच: वर्षभरात कुठकुठल्या कामाच्या वेळी तुम्ही आभाळाकडे बघता? प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहा. काम कोणत्या नक्षत्रात किंवा महिन्यात येते, पावसाने (किंवा पाऊस न आल्याने) त्यात काय बिघडते, तयारीला किती दिवस लागतात, आणि चुकले तर नुकसान किती. नक्षत्रे जरूर लिहा. रोहिणी, मिरग, आर्द्रा हेच अनेक जुन्या शेतकऱ्यांचे कॅलेंडर आहे. पुढे संदेश लिहिताना त्यांच्या कॅलेंडरातून बोललात तर तो लगेच पोचतो.

या चार रकान्यांतला तिसरा, तयारीला लागणाऱ्या दिवसांचा, सगळ्यांत मोलाचा. कुळागराचे, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेचे, उदाहरण घेऊ. सुपारीची फळे कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी एक टक्का बोर्डो मिश्रण फवारतात: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. पहिली फवारणी पावसाळ्याच्या तोंडावर, दुसरी साधारण ४० ते ४५ दिवसांनी. म्हणजे दुसरी फवारणी बरोबर जुलैच्या मुसळधारेत येते. मिश्रण केले की त्याच दिवशी वापरावे लागते. सकाळी पिंप कालवून ठेवले आणि अकराला सर आली, तर मोरचूद, चुना आणि माणसांची मजुरी तिन्ही पाण्यात. फवारलेले औषध घडांवर वाळायला उसंतही हवी. म्हणून शेतकऱ्याला हवी असते जुलैतली उघडीप, आणि तिची आगाऊ चाहूल.

आता इथे खरी अडचण बघा. पोफळीवर चढून फवारणारा माणूस सहज मिळत नाही. सावई वेरे, केरी, प्रियोळकडच्या बागांत त्याला चार-आठ दिवस आधी सांगून ठेवावे लागते. अशा शेतकऱ्याला "उद्या उघडीप आहे" हे आज संध्याकाळी सांगून काय उपयोग? उद्याचा अंदाज कितीही अचूक असला तरी त्याच्यासाठी उशिराचा. त्याला आठवड्यापूर्वीचा धूसर अंदाजही जास्त कामाचा आहे. त्याच्या जोरावर तो माणसाला शब्द देऊन ठेवतो, आणि पक्का दिवस दोन दिवस आधी ठरवतो. तयारीचे दिवस कळले की कोणता अंदाज कोणाला द्यायचा हे आपोआप ठरते. वहीशिवाय हे कळत नाही.

खाजनाचे गणित अगदी वेगळे. चोडण, दिवाडी, सांत इस्तेव, आगशी या भागांत एकट्या पावसाचा अंदाज पुरत नाही, त्याला भरतीची जोड लागते. मानसाची (बांधातून पाणी सोडण्या-अडवण्याच्या मोरीची) दारे भरतीच्या पाण्याच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर लोटून उघडतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला वरच्या अंगाला जोरदार पाऊस झाला, तर नदी फुगलेली, दारे मिटलेली आणि शेतातले पाणी आतच तुंबलेले, अशी स्थिती होते. बांधाला धोका तेव्हाच. म्हणून खाजनातला संदेश "मुसळधार पावसाची शक्यता" इथे थांबू शकत नाही. ओहोटी किती वाजता लागते, त्याआधी मानसाच्या तोंडाशी अडकलेला पालापाचोळा कोणी काढायचा, बांधाच्या कुठल्या भागावर नजर ठेवायची, हे त्यात यायला हवे.

पेरणीचाही प्रश्न आहे. उन्हाळ्यात जमिनीत चढलेले मीठ पहिल्या पावसाने धुऊन निघाल्याशिवाय खाजनात बी टाकून चालत नाही. पाऊस लवकर आला आणि मग ओसरला तर क्षार पुन्हा वर येतात. कोरगुट हे खारेपणा सोसणारे भात, आणि जुने गोवे येथील कृषी संशोधन केंद्राने दिलेले 'गोवा धान' वाणही त्यासाठीच. तरी कोवळ्या रोपाच्या सोसण्याला मर्यादा असतेच. २०२५ सारख्या वर्षी "पाऊस आला" एवढेच सांगणे पुरत नाही. पुढचे दोन आठवडे तो टिकणार का, हा खाजनातल्या शेतकऱ्याचा प्रश्न असतो.

बाकीची पिके थोडक्यात. काजूला मोहराच्या काळातला ढगाळपणा आणि अवकाळी सर नको असते. त्याच सुमारास ढेकण्या किडीवरही लक्ष ठेवावे लागते. मानकुराद आंब्याच्या मोहोराला भुरी आणि तुडतुड्यांची भीती. भातकापणीला ऑक्टोबरातला दुपारनंतरचा वळीव. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार चक्रीवादळ किनाऱ्यासमोरून गेले तेव्हा कापणीला आलेले भात आडवे झाले होते. त्या आठवड्याची आठवण अजून निघते. वायंगणात, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हंगामात, अळसांदे (चवळी), मिरची, भाजीवाल्यांना पाण्याच्या पाळीची माहिती लागते. सगळे एका वर्षात अंगावर घेऊ नका. दोन पिके, पाच निर्णय, बस्स.

दुसरी पायरी: अंदाज कुठून घ्यायचा

भारतात शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता रेडिओवरून १९४५ पासून दिल्या जात आहेत. त्यामुळे नवी यंत्रणा उभारायची नाही, आहे ती ओळखायची. पणजीला आल्तिनोवर हवामान खात्याचे केंद्र आहे आणि डॉप्लर रडारही. जुने गोव्यात एला येथे आयसीएआर (भारतीय कृषी संशोधन परिषद) या संस्थेच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत कृषी हवामान विभाग आहे. तिथून ग्रामीण कृषी मौसम सेवेखाली दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुढच्या पाच दिवसांचा अंदाज आणि पीकसल्ला निघतो. तुमच्या आठवड्याची घडी या दोन वारांभोवती बसवा.

वेगवेगळ्या पल्ल्यांचे अंदाज वेगवेगळ्या कामाचे:

- तीन तासांपर्यंतचा तातडीचा इशारा: वीज, वादळी वारा, अंगणात वाळत घातलेले भात. विजेसाठी 'दामिनी' अ‍ॅप प्रत्येकाच्या फोनवर असायलाच हवे. डोंगरउतारावर काजू गोळा करणाऱ्यांना त्याची सर्वांत जास्त गरज.
- पाच दिवसांचा अंदाज: फवारणी, खत, कापणी. 'मेघदूत' आणि 'मौसम' या अ‍ॅपांवर मिळतो. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायत पातळीचा अंदाजही 'मेरी पंचायत' अ‍ॅप आणि ई-ग्रामस्वराज पोर्टलवर दिला जातो.
- चार आठवड्यांपर्यंतचा विस्तारित अंदाज, दर गुरुवारी निघणारा: मजूर सांगून ठेवणे, तरव्याची (भाताच्या रोपांची) वेळ, खाजनातली पेरणी.
- एप्रिलच्या मध्याला आणि मे अखेरीस येणारा हंगामाचा अंदाज. गावाच्या निर्णयात याला मी फार वजन देत नाही. अख्ख्या देशाची सरासरी आपल्या पंचायतीत काय करील ते त्यावरून सांगता येत नाही.

खाजनासाठी भरती-ओहोटीच्या वेळा हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती देणाऱ्या संस्थेकडून मिळतात. छापील भरती-कोष्टकांत मुरगाव बंदराच्या वेळा असतात. भरती नदीतून वर चढायला वेळ घेते, म्हणून मुरगावची वेळ आणि तुमच्या मानसाजवळची वेळ सारखी नसणार. मानसाजवळ उभे राहून पंधरा-वीस वेळा वेळ टिपा, मग फरक किती तो कळेल. मानस सांभाळणाऱ्या माणसाला तो आधीच तोंडपाठ असतो, त्याला विचारायला विसरू नका.

तिसरी पायरी: बुलेटिनची भाषा आत्मसात करा

ही पायरी घाईत उरकू नका, लोकांचा गैरसमज सर्वाधिक इथेच होतो. पावसाच्या प्रमाणाला ठरलेले आकडे आहेत. २४ तासांत १५.६ ते ६४.४ मिलिमीटर म्हणजे मध्यम, ६४.५ ते ११५.५ म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अति मुसळधार, आणि त्याच्या वर अत्यंत मुसळधार. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळे पावसाळ्यात "मध्यम पाऊस" ऐकून कोणी छत्रीही शोधत नाही, पण ताज्या तरव्याला तो भारी पडू शकतो. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. शंभर मिलिमीटर म्हणजे हेक्टरी दहा लाख लिटर पाणी. खाजनाच्या बैठकीत हा हिशेब फळ्यावर मांडा, मानस साफ करायला माणसे लगेच पुढे येतात.

दुसरी गोष्ट, पसरण. "तुरळक ठिकाणी" म्हणजे त्या विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, "काही ठिकाणी" म्हणजे २६ ते ५०, "बऱ्याच ठिकाणी" ५१ ते ७५, आणि "बहुतेक सर्व ठिकाणी" त्याच्या वर. तुरळक ठिकाणी मुसळधार असे सांगितले, वाळपईत धो धो कोसळला आणि मुरगावात चार थेंब पडले, तरी अंदाज खोटा ठरत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याच्या सत्तरी-सांग्यात किनाऱ्यापेक्षा पाऊस एरवीही जास्त असतो. हे शेतकऱ्याला हंगामाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवायचे. मागाहून सांगितले की ती सबब वाटते.

रंग चार. हिरव्यात इशारा नाही, पिवळ्यात लक्ष ठेवा, केशरीत तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. जिल्ह्याला मिळालेला रंग हा जिल्ह्याचा, तुमच्या वाड्याचा नव्हे. तरीही रंग बदलून पाठवण्याचा अधिकार तुम्हाला नाही. अधिकृत इशारा शब्दाला शब्द तसाच पुढे द्यायचा, आपला सल्ला त्याखाली वेगळा लिहायचा. ही शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा.

चौथी पायरी: गावात पर्जन्यमापक बसवा

स्वयंचलित केंद्र घ्यायचा मोह होतो. पहिल्या वर्षी नको. बॅटरी, सिमकार्ड, दुरुस्ती, आणि एकदा बंद पडले की कोणी बघत नाही. साधे हाताने मोजायचे पर्जन्यमापक पुरे. मोकळ्या जागी, आजूबाजूच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवा. गोव्यात माडांनी वेढलेले अंगण सोडून अशी जागा शोधणे हेच निम्मे काम आहे. शाळेचे मैदान बहुधा उत्तम. नोंद रोज सकाळी साडेआठला घ्या, कारण हवामान खात्याचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. त्या शिस्तीत नोंद ठेवली तरच तुमचे आकडे त्यांच्या आकड्यांशी पडताळता येतात. जुलैत मापक रात्रीत भरून वाहू शकते. मोठ्या पावसात रात्री एकदा मोजून ओता, आणि दोन्ही आकड्यांची बेरीज सकाळी लिहा.

पावसाच्या नोंदींची ही वही पुढे अनेक कामांना येते. पीक गेले आणि शेतकरी आधार निधीसाठी विभागीय कृषी कार्यालयात जायची वेळ आली, तर तारीखवार पाऊस आणि शेताचे फोटो हाताशी असलेले बरे.

पाचवी पायरी: संदेश लिहिणे

समजा शुक्रवारच्या बुलेटिनमध्ये असे आहे: "पुढील पाच दिवसांत हलका ते मध्यम पाऊस, सोमवारनंतर बऱ्याच ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता." बहुतेक ग्रुपांवर हेच जसेच्या तसे चिकटवले जाते. ते चूक नाही, अपुरे आहे. याच वाक्यातून निघणारे दोन संदेश पाहा.

कुळागरवाल्यांना: "शुक्रवार, १८ जुलै, संध्याकाळी ६. स्रोत: हवामान खाते व एला केंद्र. शनिवार-रविवार सरी कमी, मधल्या वेळेत उघडीप मिळण्याची चांगली शक्यता. सोमवारनंतर जोर वाढेल. दुसरी फवारणी राहिली असेल तर रविवारी सकाळी सात वाजता आभाळ बघूनच मिश्रण कालवा, शंका असल्यास फोन करा. सोमवारनंतर निदान चार दिवस फवारणी धरू नका. पुढचा संदेश मंगळवारी."

खाजनवाल्यांना: "शुक्रवार, १८ जुलै, संध्याकाळी ६. स्रोत तोच. सोमवारनंतर मुसळधार पावसाची शक्यता. अमावास्या गुरुवारी, उधाण वाढत जाईल. मानसाचे तोंड रविवारच्या ओहोटीला साफ करून घ्या. बांधाला खेकड्यांची भोके दिसली तर आत्ताच चिखलाने बुजवा. युरिया टाकायचा असेल तर थांबा, वाहून जाईल."

पाऊस एकच, संदेश दोन, आणि दोन्हीत तारीख-वेळ आहे. तारखेशिवाय एकही संदेश पाठवू नका. मागच्या वर्षीचा लाल इशारा यंदा फिरताना आपण सगळ्यांनी पाहिला आहे. मजकूर फोनच्या एका पडद्यात मावेल एवढाच ठेवा. एका संदेशात दोनपेक्षा जास्त कामे सांगितली तर एकही होत नाही. आणि "काळजी घ्यावी" हे शब्द कटाक्षाने टाळा. कोणती काळजी, कोणी, कधी, ते लिहा.

शक्यतेबद्दल थोडे. हवामान खात्याच्या इंग्रजी पत्रकाच्या तळाशी शक्यतेच्या पायऱ्या दिलेल्या असतात: २५ टक्क्यांखाली, २५ ते ५०, ५० ते ७५, आणि ७५ च्या वर. शेतकऱ्याला टक्के नकोत असे अनेकांना वाटते. माझा अनुभव वेगळा आहे. पत्त्यांचा आणि पिकांचा जुगार ज्यांनी आयुष्यभर पाहिला, त्यांना "दहात सात" लगेच समजते. अंगणात भात वाळत घातले आहे, ते गोळा करून झाकायला समजा ५०० रुपयांची मजुरी लागते आणि भिजले तर ५,००० रुपयांचे नुकसान. मग पावसाची शक्यता दहात एक असली तरी हिशेब बरोबरीत सुटतो, दहात दोन असेल तर झाकणेच शहाणपणाचे. बोर्डोचे उलट: तिथे उघडीप निदान दहात सहा-सात वेळा तरी लाभेल असे दिसल्याशिवाय पिंप कालवण्यात अर्थ नाही. एकाच अंदाजावर दोन शेजारी दोन वेगळे निर्णय घेतील, आणि दोघेही बरोबर असतील. म्हणून "पडेल" किंवा "पडणार नाही" असे ठोकून सांगू नका. शक्यता सांगा, निर्णय त्यांच्यावर सोपवा.

सहावी पायरी: पोचवणे, आणि उत्तर द्यायला हजर असणे

गोव्यात भाषेचा प्रश्न गावागणिक बदलतो. पेडणे-डिचोली-सत्तरीत देवनागरीतला मजकूर चालतो, साष्टीत अनेकांना रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी जवळची. शेतात काम करणारे मजूर कन्नड बोलणारे किंवा झारखंडचे असू शकतात. प्रत्येक लिपीत संदेश तयार करत बसलात तर मंगळवारचा संदेश गुरुवारी जाईल. आवाजाचा संदेश हा उत्तम उपाय. चाळीस सेकंदांचा, बोलीत, गावाच्या ओळखीच्या आवाजात. वयस्कर माणसे तो दोनदा ऐकतात आणि शेजाऱ्याला ऐकवतात. त्याच वेळी देऊळ, चॅपल, रेशन दुकान आणि दूध संकलन केंद्र अशा ठिकाणच्या फळ्यावर दोन ओळी खडूने लिहा. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळानंतर अनेक भागांत दिवसेंदिवस वीज नव्हती. फोन बंद पडतात तेव्हा फळा उरतो.

फोन नंबर गोळा करताना संमती विचारा, आणि यादी बियाणे-औषध विकणाऱ्यांच्या हाती जाऊ देऊ नका. सल्ल्याच्या आडून विक्री सुरू झाली की सेवेवरचा विश्वास उडतो.

संदेश पाठवला की काम संपले असे समजू नका. खरे काम त्यानंतरच्या फोनचे असते. साधारण असे:

"बाय, रविवारी फवारू काय?"

"माणूस मिळाला का काका?"

"मिळालाय, पण दुपारी येतो म्हणतो."

"मग नको. सकाळची उघडीप जास्त भरवशाची आहे. दुपारी सर येईल असे दिसते. सकाळी येत असेल तरच."

"त्याला विचारून सांगतो."

या संवादात जे घडले ते कुठलेही अ‍ॅप करू शकत नाही. मजूर कधी मिळणार, बाग कुठल्या अंगाला आहे, हे फोन घेणाऱ्याला माहीत असते. म्हणून संदेश जाणाऱ्या संध्याकाळी दोन तास कोणीतरी फोनवर बसेल याची व्यवस्था आधी करा, ग्रुप नंतर काढा. शेतीतली निम्म्याहून अधिक कष्टाची कामे जिथे बायका करतात, तिथे नंबर मात्र घरातल्या पुरुषाचा असतो. हेही लक्षात ठेवून स्वयंसाहाय्य गटांमार्फत त्यांचे नंबर वेगळे घ्या. रोगाचे किंवा औषधाचे प्रश्न तुमच्या आवाक्याबाहेर गेले तर कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या नंबरकडे वळवा. अंदाजाने औषध सांगू नका.

सातवी पायरी: पडताळा

दर आठवड्याला चार रकाने भरा: सांगितले आणि झाले, सांगितले पण झाले नाही, सांगितले नाही आणि झाले, सांगितले नाही आणि झालेही नाही. इथे गोव्यापुरती एक खबरदारी हवी. जुलैत रोज "पाऊस पडेल" म्हणणारा जवळजवळ रोजच बरोबर ठरतो. अशा गुणांना किंमत नाही. पडताळायचे ते निर्णयाला लागणारे: जुलैतली उघडीप सांगितली तशी मिळाली का, ६४.५ मिलिमीटरच्या वरचे दिवस आधी कळले होते का, ऑक्टोबरात दुपारचा वळीव कितीदा चुकला. हा हिशेब महिन्याच्या बैठकीत शेतकऱ्यांसमोर उघडा ठेवा, चुकांसकट. अंदाज चुकतो हे त्यांना ठाऊक असतेच. तो कुठे जास्त चुकतो हे कळले की ते पुढच्या वेळी तेवढेच वजन देतात.

आठवी पायरी: वाढवणे

एक पूर्ण वर्ष, म्हणजे पावसाळा आणि वायंगण दोन्ही, एका गावात काढल्याशिवाय दुसऱ्या गावाला हात लावू नका. मग प्रश्न येतो, वाढायचे कोणत्या दिशेने? सरकारी सवय तालुक्यागणिक वाढण्याची. मला ती चुकीची वाटते. फोंडा तालुक्यातच कुळागरे आहेत आणि खाजनेही. दोघांना एकच संदेश देऊन भागत नाही. त्याउलट तिसवाडीतले खाजन आणि बार्देशातले खाजन यांचे निर्णय जवळजवळ सारखे. सत्तरी, सांगे, काणकोणातली कुळागरेही तशीच एकमेकांची भावंडे. तेव्हा जमिनीच्या जातीप्रमाणे वाढा: खाजनांची एक साखळी, कुळागरांची दुसरी, मोरडावरच्या (उंचावरच्या जमिनीतल्या) काजूची तिसरी. निर्णयांची वही, संदेशांचे साचे आणि पडताळ्याचे रकाने साखळीत सगळीकडे तेच वापरता येतात. बदलते ती भरतीची वेळ, पर्जन्यमापकाचा आकडा आणि आवाज.

काय मध्यभागी ठेवायचे आणि काय गावात, हे आधीच ठरवा. बुलेटिन वाचून संदेशाचा कच्चा मसुदा करणे हे एका ठिकाणी होऊ शकते. तो आपल्या गावाला जुळवणे, आवाज देणे, फोन घेणे हे गावातच राहिले पाहिजे. एका माणसाला किती कुटुंबांचे फोन नीट घेता येतात याला मर्यादा आहे. ती ओलांडली की नवी माणसे जोडा, यादी लांबवू नका. २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना मोसमी पावसाचा अंदाज एसएमएसने पाठवला. इतक्या फोनांवर संदेश पोचवणे आज शक्य आहे हे त्यातून दिसले. गावात कमी पडते आहे ते संदेश उलगडून सांगणारे माणूस.

पैशाचे बोलायचे तर खर्च यंत्रांचा कमी आणि माणसांच्या वेळेचा जास्त. इथे देशपातळीवरचा एक प्रसंग लक्षात ठेवावा. कृषी विज्ञान केंद्रांत उभारलेले सुमारे २०० जिल्हा कृषी हवामान विभाग २०२४ च्या सुरुवातीला बंद झाले, आणि तालुका पातळीवरचे सल्ले त्यांच्याबरोबर थांबले. एकाच योजनेच्या पैशावर उभी राहिलेली सेवा योजनेबरोबर संपते. म्हणून कामाचे भाग निरनिराळ्या खांद्यांवर ठेवा: पर्जन्यमापक शाळेकडे, फळा दूध संस्थेकडे, खाजनाचा संदेश कूळ संघाच्या (कुळांच्या संघटनेच्या) बांध समितीकडे, फोन घेणाऱ्याचे मानधन पंचायतीच्या किंवा सहकारी संस्थेच्या अंदाजपत्रकात. 'आत्मा' या कृषी विस्ताराच्या योजनेसारख्या योजनांतून प्रशिक्षणाला मदत मागा, पण रोजच्या कामाचा पगार तिच्यावर टेकवू नका.

सुरुवात करायला सर्वांत चांगला महिना फेब्रुवारी. काजू-आंब्याच्या हंगामात लोक शेतावर भेटतात, वही भरायला दोन महिने मिळतात. एप्रिलमध्ये मापकाची जागा ठरवा, एला केंद्राला आणि आपल्या विभागीय कृषी अधिकाऱ्याला भेटून या, त्यांच्या पत्रकाच्या यादीत आपला नंबर घाला. मेच्या पहिल्या आठवड्यात दहा घरांना चाचणीचे संदेश पाठवा आणि प्रत्येकाला विचारा: यातून तुम्ही नेमके काय कराल? ज्या संदेशाला उत्तर मिळत नाही तो पुन्हा लिहा. मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सगळे तयार असू द्या. पाऊस जूनची वाट पाहीलच असे नाही.